मैदान सांभाळायलाही शिकावे लागते

२०३० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला मिळाले, २०३६ च्या ऑलिंपिकवर देशाने उघडपणे दावा सांगितला, आणि एक जुना वाद पुन्हा तापला. क्रीडा व्यवस्थापनात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे का, विद्यापीठांनी ते द्यावे का, सरकारने त्यावर पैसा घालावा का? एक बाजू सांगते की खेळ आता उद्योग झाला आहे, लीग वाढत आहेत, प्रायोजक रांग लावून उभे आहेत, तेव्हा मुलांनो, एमबीए करा आणि संधी साधा. दुसरी बाजू चिडून विचारते की पदवीने कधी मैदान तयार झाले आहे का? आधी मैदाने द्या, प्रशिक्षक द्या, पोरांच्या पोटात दोन घास जास्त जाऊ द्या, लॅपटॉपवाले व्यवस्थापक नंतर बघू. दोन्हीकडची माणसे पोटतिडकीने बोलतात, पण वाद भलत्याच जागी चालला आहे. कारण दोघांनीही एक गोष्ट न तपासता मान्य करून टाकली आहे, ती म्हणजे क्रीडा व्यवस्थापन म्हणजे आयपीएलचे संघ, टीव्हीचे हक्क आणि नामवंत खेळाडूंचे करार. एवढे मान्य केले की पुढची सगळी चर्चा मोठ्या शहरांतल्या मोजक्या नोकऱ्यांभोवती फिरते. महाराष्ट्रातल्या साडेतीनशेहून अधिक तालुक्यांत खेळ कसा चालतो, कोण चालवतो, हा प्रश्न चर्चेत येतच नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. क्रीडा आणि मनोरंजन व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण महाराष्ट्राला हवे आहे. ते सार्वजनिक विद्यापीठात, परवडणाऱ्या शुल्कात आणि मराठीतूनही शिकता येईल असे हवे. पण ते लीगसाठी नको. लीगला माणसे कमी पडत नाहीत. जिथे पैसा आहे तिथे माणसे आपसूक जातात. हे शिक्षण हवे आहे तालुका क्रीडा संकुलासाठी, नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावासाठी, जिल्हा संघटनेच्या कारभारासाठी आणि पावसाळ्यात धरणांवर, धबधब्यांवर लोटणाऱ्या गर्दीसाठी. आणि अभ्यासक्रम सुरू करण्याआधी ही कामे करणारी पदे निर्माण करावी लागतील. हा क्रम चुकला की विद्यार्थ्यांची फसवणूक होते.

महाराष्ट्राने २००१ साली क्रीडा धोरण आणले आणि विभाग, जिल्हा, तालुका अशा तिन्ही पातळ्यांवर क्रीडा संकुले उभारायचे ठरवले. हा निर्णय दूरदृष्टीचा होता. पुढे अनुदानाची रक्कम लाखांतून कोटींत गेली, बांधकामेही झाली. पण आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला एखाद्या तालुका संकुलात जाऊन पाहावे. मी अशी संकुले पाहत आलो आहे आणि चित्र फारसे बदलत नाही. धावपट्टीवर गुडघाभर गवत. लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू कधीच उडून गेलेली, खाली टणक माती. बॅडमिंटन हॉलला कुलूप, किल्ली चौकीदाराकडे आणि चौकीदार जेवायला गेलेला. खिडकीतून डोकावले तर लाकडी जमिनीची एक कड फुगून वर आलेली दिसते, कारण पन्हळ तुंबून पावसाचे पाणी भिंतीवरून आत उतरते आणि पन्हळ साफ करण्याचे काम कुणाचे हे ठरलेलेच नाही. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नाही म्हणून मुली येत नाहीत, आणि मुली येत नाहीत म्हणून पाणी नसल्याची तक्रारही कुणी करत नाही. हॉल लग्नकार्याला मात्र भाड्याने जातो; उत्पन्नाचा तेवढा एकच मार्ग संकुल समितीला ठाऊक आहे. समितीत लोकप्रतिनिधी आहेत, निरनिराळ्या खात्यांचे अधिकारी आहेत. पण सकाळी सहाला फाटक उघडल्यापासून रात्री नऊला दिवे मालवेपर्यंत हे संकुल चालवणे हेच ज्याचे काम आहे, असा एकही माणूस तिथे नाही.

क्रीडा अधिकारी आहे ना, असे कुणी म्हणेल. त्याच्या टेबलाशी दहावी-बारावीच्या परीक्षांच्या हंगामात जाऊन बसावे. खेळाडू विद्यार्थ्यांच्या सवलतीच्या गुणांचे प्रस्ताव, त्यांना जोडलेली प्रमाणपत्रे, शालेय स्पर्धांचे हिशेब, पुरस्कारांचे अर्ज, शिवाय सरकारी नोकरीतल्या पाच टक्के आरक्षणासाठी येणाऱ्या प्रमाणपत्रांची पडताळणी. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे गाजल्यापासून हे काम आणखी किचकट झाले आहे, आणि ते तसे व्हायलाच हवे होते. खोट्या कागदावर नोकरी घेणारा खऱ्या खेळाडूचे आयुष्य चोरतो. पण मैदानावर राहण्यासाठी शिकलेल्या माणसाला आपण फायलींत गाडून टाकले आणि वर संकुल ओस का पडले म्हणून जाबही त्यालाच विचारतो.

पोहण्याचा तलाव घ्या. बाहेरून पाहणाऱ्याला तो पाण्याने भरलेला हौद वाटतो. प्रत्यक्षात पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ च्या दरम्यान राहिला नाही तर क्लोरीन टाकूनही जंतू मरत नाहीत, किंवा मग मुलांचे डोळे चुरचुरायला लागतात. गाळणीतली वाळू ठरलेल्या वेळी उलट्या प्रवाहाने धुवावी लागते. एका बॅचमध्ये किती जणांना सोडायचे, नवशिक्यांना कुठे अडवायचे, जीवरक्षक किती आणि कुठल्या कोपऱ्यात उभे करायचे, बायकांच्या बॅचला कोणती वेळ द्यायची म्हणजे घरचे आवरून त्यांना येता येईल, याचा रोज विचार करावा लागतो. तलाव ठेकेदाराला दिला तर खर्च वाचवायला तो जीवरक्षकांपासून सुरुवात करणार, हे ओळखून करारनाम्यात अट घालावी लागते, आणि ती पाळली जाते का हे तपासणारा जाणकार पालिकेत असावा लागतो. हे ज्ञान कुणाला जन्मजात नसते आणि व्यवसाय प्रशासनाच्या सर्वसाधारण पदवीतही ते मिळत नाही.

आता विरोधकांच्या बाजूने बोलू, कारण त्यांचे मुद्दे हलके नाहीत. त्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा असा की मराठी मुलखातला खेळ पदवीधरांनी उभारलेला नाही, कार्यकर्त्यांनी उभारला. डेक्कन जिमखाना १९०६ चा, अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. खो-खोचे नियम पुण्यात जिमखान्याच्या मंडळींनी बसून लिहिले. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ जगाला दाखवले. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला आपले धावपटू आणि मल्ल गेले, त्यामागे जिमखान्याच्या शर्यती पाहून मनावर घेतलेल्या दोराबजी टाटांचा पुढाकार होता. बुवा साळवींनी कबड्डीसाठी उभे आयुष्य वेचले. यांतल्या कुणाकडे क्रीडा व्यवस्थापनाची पदवी होती? कुणाकडेच नव्हती. हे सगळे मी मान्य करतो, आणि या माणसांविषयी मला नितांत आदर आहे.

पण त्यांनी नेमके काय केले, हेही पाहू या. त्यांनी गावोगाव निराळा खेळला जाणारा खेळ घेतला, मैदानाची मापे ठरवली, डावाची वेळ बांधली, पंचांचे अधिकार लिहून काढले, संघटनेची घटना तयार केली, स्पर्धेचे वेळापत्रक बसवले. शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान बांधले, १९१२ साली ते सुरू झाले. तिथली बैठक अशी उतरती आहे की शेवटच्या रांगेतल्या शेतकऱ्यालाही हौद्यातली कुस्ती दिसते. याला व्यवस्थापन नाही तर काय म्हणायचे? त्या पिढीने आपल्या काळातले सर्वोत्तम ज्ञान खेळाला लावले. त्यांचा वारसा सांगणाऱ्यांनी आपल्या काळातले ज्ञान नाकारावे, हे त्या वारशाशी सुसंगत नाही.

खाशाबा जाधवांची गोष्ट तर आपण नको त्या अंगाने सांगतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी गोळेश्वरच्या आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली, राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले, आणि स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळाले. ऐकताना ऊर भरून येतो, यायलाच हवा. पण प्राचार्याला घर गहाण ठेवावे लागते ही समाजाच्या दानतीची साक्ष आहे तशीच व्यवस्थेच्या अभावाचीही आहे. त्यानंतर ७२ वर्षांनी, २०२४ साली पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्य मिळवले. ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक जिंकणारा तो महाराष्ट्राचा खाशाबांनंतरचा पहिला खेळाडू. त्याच्या मागे कुटुंबाचे कष्ट होतेच, पण सरकारची क्रीडाप्रबोधिनी होती, रेल्वेची नोकरी होती, प्रशिक्षकांची साखळी होती. शेतकरी-शिक्षकाच्या घरातल्या मुलाला नेमबाजीसारख्या महागड्या खेळात टिकवून ठेवले ते या रचनेने. ती रचना आणखी शंभर मुलांपर्यंत न्यायची असेल तर ती चालवणारी माणसेही तयार करावी लागतील.

दुसरे असे की कार्यकर्त्यावर आज जी जबाबदारी आहे ती १९६० साली नव्हती. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने महासंघांच्या कार्यकारिणीत किमान चार महिला, खेळाडूंची समिती, सुरक्षित खेळाचे धोरण आणि तक्रार निवारणाची व्यवस्था आवश्यक केली, वाद सोडवायला न्यायाधिकरणाची तरतूद केली. लैंगिक छळविरोधी कायदा २०१३ पासून आहे. तरीही २०२३ च्या जानेवारीत महिला कुस्तीगीर जंतरमंतरवर बसल्या, आणि कायद्याप्रमाणे नेमलेली अंतर्गत तक्रार समिती कुस्ती महासंघात नव्हती, असे सरकारी चौकशीतून पुढे आले. इतक्या मोठ्या महासंघाची ही अवस्था, तर जिल्हा संघटनांची काय असेल? तिथले सचिव बहुधा निवृत्त शिक्षक किंवा छोटे व्यापारी, घरच्या दिवाणखान्यातून संघटना चालवणारे. त्यांच्या निष्ठेवर बोट ठेवण्याचा कुणाला अधिकार नाही. पण उद्या एखादी मुलगी प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली तर काय करायचे, हे त्यांना कुणी शिकवले आहे? उत्तेजक चाचणीसाठी पथक आले तर खेळाडूचे हक्क कोणते, हे त्यांना कुणी सांगितले आहे? २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत निकालावरून वाद पेटला, पंचाला मारहाण झाली आणि दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. मारहाणीचे समर्थन होऊच शकत नाही. मात्र शिक्षा देऊन प्रश्न सुटत नाही. हजारो प्रेक्षकांसमोर निकालावर आक्षेप आला तर तो कुणी, किती वेळात, कोणत्या पुराव्यावर ऐकायचा याची तयारी आखाडा बांधण्याआधी करावी लागते.

प्रेक्षकांच्या जिवाचा प्रश्न याहून मोठा आहे. २०२१ च्या मार्चमध्ये तेलंगणात सूर्यापेटला कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय कबड्डी स्पर्धेत प्रेक्षकांसाठी उभारलेली गॅलरी कोसळली आणि शंभराहून अधिक माणसे जखमी झाली. ४ जून २०२५ ला बंगळूरमध्ये आयपीएल विजेत्यांच्या सत्काराच्या दिवशी चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत ११ जण गेले. अशा वेळी आपण अटक, निलंबन, नुकसानभरपाई या वाटेने जातो आणि पुढच्या स्पर्धेची बांबू-फळ्यांची गॅलरी पुन्हा तशीच उभी राहते. ब्रिटनने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. १९७१ साली ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर ६६ माणसे मेली, त्यानंतर १९७५ साली क्रीडांगण सुरक्षेचा कायदा झाला. तरीही १९८९ साली हिल्सबरोच्या फुटबॉल मैदानावर गर्दीत चिरडून शेवटी ९७ जणांचा जीव गेला, आणि तेव्हा कुठे बैठका, फाटके, गर्दीची क्षमता, प्रशिक्षित कर्मचारी या सगळ्याची मुळापासून फेरमांडणी झाली. कायदा झाला तरी तो रोज मैदानावर राबवणारी जाणती माणसे नसतील तर काय होते, हे त्या अठरा वर्षांनी दाखवले. आपण तेवढी वर्षे थांबायचे का?

विरोधकांचा दुसरा मुद्दा रोजगाराचा आहे, आणि इथे ते बव्हंशी बरोबर आहेत. क्रीडा व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांची फी अनेक ठिकाणी लाखांत आहे. आईबाप कर्ज काढतात. जाहिरातीत क्रिकेटपटूंचे फोटो असतात, आणि पदवी हातात पडल्यावर सामन्याच्या दिवशी पास वाटणे, पाहुण्यांना खुर्ची दाखवणे, महिनोन्‌महिने बिनपगारी अनुभव घेणे वाट्याला येते. यात मुलांचा दोष नाही. पण यावरून अभ्यासक्रमच नको, हा निष्कर्ष निघत नाही. निष्कर्ष एवढाच निघतो की पद न निर्माण करता पदवी विकली गेली. याउलट उदाहरण आपल्याच घरात आहे. अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था १९२६ साली मुंबईत स्थापन झाली. तिचा स्वच्छता निरीक्षकाचा पदविका अभ्यासक्रम पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी केला, कारण नगरपालिकांत स्वच्छता निरीक्षक हे पद होते आणि त्या पदाला तो अभ्यासक्रम लागत होता. साध्या घरांतली, लहान गावांतली मुले त्यातून नोकरीला लागली आणि शहरांना प्रशिक्षित माणसे मिळाली. संकुल व्यवस्थापक, तलाव व्यवस्थापक, मैदान आणि उद्यान अधिकारी ही पदे नगरपरिषदांच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, येऊ द्या, त्यांना पात्रता ठरवून द्या; अभ्यासक्रम आपल्या पायावर उभा राहील.

इथे एक धोका आहे. डॉ. वर्गीज कुरियन यांनी १९७९ साली आणंदला ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था काढली. मोठ्या व्यवस्थापन संस्थांतली मुले खेड्यातल्या दूध संघात नोकरीला येत नाहीत, म्हणून सहकारासाठी स्वतंत्र व्यवस्थापक घडवायचे, हा त्यामागचा विचार. संस्था नावारूपाला आली, पण तिथली बरीच मुले पुढे खासगी कंपन्यांत गेली. क्रीडा व्यवस्थापनातही हेच होईल, तालुक्यासाठी शिकवलेली मुले मुंबईतल्या लीगमध्ये जातील, अशी शंका कुणी घेतली तर ती रास्त आहे. काही जातीलही. म्हणून प्रवेश देतानाच विचार करावा. एम.पी.एड. ही शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी घेऊन बसलेली हजारो मुले-मुली आज राज्यात आहेत. शारीरिक शिक्षण शिक्षकांची भरती वर्षानुवर्षे रखडल्याने ती खासगी जिममध्ये तुटपुंज्या पगारावर राबतात. ती तालुक्यांतलीच आहेत, मैदान त्यांच्या अंगात आहे, मुलांशी बोलायचे कसे ते त्यांना कळते. त्यांना हिशेब, करार, देखभाल, सुरक्षा, कायदा यांचे दोन वर्षांचे शिक्षण दिले आणि आपल्याच जिल्ह्यात सन्मानाचे पद दिले तर ती गाव सोडून कशाला जातील? आणि एवढे करूनही काही गेली, तरी दूध संघांना आणंदचा उपयोग झालाच नाही असे कोण म्हणेल?

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो. व्यवस्थापक आला की मैदानाला तिकीट लागते, अशी भीती अनेकांना वाटते. शहरांत ती खरी ठरली आहे. जिथे पोरे फुकट खेळत होती तिथे हिरवी कृत्रिम जाजमे अंथरली गेली आणि तासाला पैसे मोजणाऱ्यांचे बॉक्स क्रिकेट सुरू झाले. ज्याच्या खिशात पैसे नाहीत तो रस्त्यावर आला, किंवा मोबाइलवर. पण हा दोष या विद्येचा आहे की आपण तिची कोणती शाखा घेतली याचा? या विषयाचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम १९६६ साली अमेरिकेत ओहायो विद्यापीठात सुरू झाला. त्यामागे बेसबॉलच्या डॉजर्स संघाचे मालक वॉल्टर ओमॅली यांनी १९५७ साली प्राध्यापक जेम्स मेसन यांना लिहिलेले पत्र होते. क्लब चालवायला शिकलेली माणसे हवीत, अशी मालकाची गरज होती. त्यामुळे तिकीटविक्री, प्रायोजक, प्रसारण हा त्या परंपरेचा गाभा राहिला. ब्रिटनमधली वाट निराळी. १९६० साली वुल्फेंडन समितीने खेळ आणि समाज यांचा विचार मांडला, १९६५ साली सरकारने क्रीडा परिषद नेमली, आणि १९७० च्या दशकात नगरपालिकांनी गावोगाव क्रीडा व मनोरंजन केंद्रे बांधली. ती चालवणारी माणसे हवीत म्हणून तिथे मनोरंजन व्यवस्थापनाचे शिक्षण वाढले. कामगाराच्या मुलाला तलाव परवडावा, म्हाताऱ्या माणसाला सकाळी हॉल मिळावा, बाळंतपणानंतर बाईला व्यायामाला येता यावे, हे त्या शिक्षणाचे प्रश्न होते. आपल्या बहुतेक अभ्यासक्रमांनी पहिली परंपरा उचलली आहे. आपली गरज दुसरीची आहे.

शिवाय व्यवस्थापक नसला म्हणजे मैदान सर्वांचे राहते, हा समजही तपासून पाहावा. १८८० च्या दशकात मुंबईच्या मैदानावर गोऱ्यांचा पोलो चाले आणि घोड्यांच्या टापांनी पारशी-हिंदू मुलांची क्रिकेटची जागा उखडून जाई. मुलांनी अर्जविनंत्या केल्या, वर्षानुवर्षे भांडले. मैदान मोकळेच होते, त्याला तिकीट नव्हते. तरी ज्याच्या हाती सत्ता तो हवे तेव्हा खेळत होता. आज तालुक्याच्या मोकळ्या मैदानावर सायंकाळी कोण दिसतो? सगळीकडे मुलगेच, तेही वयाने मोठे आणि दांडगे. मुली नाहीत, दहा वर्षांखालची मुले नाहीत, चाकाच्या खुर्चीवरचा कुणी नाही. मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये सुवर्ण जिंकले, ते सांगली जिल्ह्यातले; त्यांच्याच महाराष्ट्रात किती संकुलांत चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्प आहे? वेळा वाटून देणे, त्या पाळायला लावणे, दुबळ्याची वेळ बळकटाने खाऊ नये म्हणून उभे राहणे हे काम कुणीतरी नेमून दिल्याशिवाय होत नाही.

आणि मनोरंजनाचे काय? या पदवीच्या नावातला हा शब्द दोन्ही बाजू विसरल्या आहेत, जणू पदक नसलेला विरंगुळा हा विचार करण्याजोगा विषयच नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या परिसरात एका कुटुंबातली पाच माणसे लोंढ्यात वाहून गेली. १५ जून २०२५ ला कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीने कोसळला आणि चार जण गेले. दरवर्षी पावसाळ्यात जिल्हाधिकारी बंदीचे आदेश काढतात, पोलीस रस्ता अडवतात, आठवड्याभराने सगळे सैल पडते आणि कुठेतरी पुन्हा कुणीतरी वाहून जाते. बंदी हे प्रशासनाच्या हातातले एकमेव साधन होऊन बसले आहे. दिवसभर खपलेल्या माणसाला पावसात भिजावेसे वाटते, लेकरांना धबधबा दाखवावासा वाटतो, यात गुन्हा काय आहे? शेजारच्या गोव्याने २००८ पासून किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षक नेमले, कोणत्या पट्ट्यात उतरायचे नाही ते झेंडे लावून दाखवायला सुरुवात केली, आणि बुडून मरणाऱ्यांची संख्या खूप खाली आली. समुद्रावर बंदी घालायची वेळ आली नाही. सह्याद्रीतल्या वाटांवर, धरणांच्या काठांवर एका वेळी किती माणसे, कोणत्या पातळीला पाणी आल्यावर काठ रिकामा करायचा, स्थानिक मुलांना वाटाड्या आणि बचावाचे शिक्षण कसे द्यायचे, वाहने कुठे थांबवायची, हे ठरवणे म्हणजेच मनोरंजन व्यवस्थापन. राज्याने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण केले, पण धोरण राबवणारा अधिकारी घडवण्याची सोय केली नाही.

पदके तर येतातच ना, असेही विचारले जाते. येतात. २०२३ साली गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महाराष्ट्राने ८० सुवर्णांसह २२८ पदके घेतली आणि पहिला क्रमांक पटकावला. त्या खेळाडूंचा आणि त्यांच्या प्रशिक्षकांचा अभिमान वाटतो. परंतु पदकतक्ता काही शे खेळाडूंचे सांगतो. बाकीच्या मुलांना धावायला सपाट जागा मिळते का, चाळिशीतल्या शेतकरी बाईला पोहायला शिकता येते का, हे त्यात कुठे दिसणार?

महाराष्ट्राने २०२० साली आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा केला. विद्यापीठ संभाजीनगरला की पुण्याला, यावर सगळा राजकीय जोर खर्ची पडला. तिथे काय शिकवायचे आणि कुणासाठी, यावर तेवढे बोलले गेले नाही. ती चर्चा आता व्हावी. पहिली तुकडी लहान असू द्या, पण तिच्यातल्या प्रत्येकाला दुसरे वर्ष एका तालुका संकुलात काढायला लावा, वेतन देऊन आणि समितीचा लेखी अधिकार देऊन. पन्हळ साफ झाली का, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आले का, संध्याकाळी सहा ते सातच्या वेळेत किती मुली खेळायला आल्या, गॅलरी उभारण्याआधी अभियंत्याची सही घेतली का, वर्षाचा हिशेब फलकावर लावला का, यावर त्यांचे गुण ठरवा. वर्षअखेरीस त्या नोंदी समितीसमोर आणि गावासमोर मांडा, आणि जिथे संकुल चालू लागले असेल तिथे त्या पदाला त्याच वर्षीच्या अंदाजपत्रकात कायम जागा द्या.